कुठला कागद कमी आहे?

“आपल्या अर्जासोबत आवश्यक कागदपत्रांची पूर्तता होत नसल्याने सदर अर्ज त्रुटीपूर्ततेसाठी परत करण्यात येत आहे, याची नोंद घ्यावी.”

पत्र एवढंच होतं. सारखं उघडून आणि मिटून त्याच्या घड्या विरत आल्या होत्या. ते हातात धरून एक मावशी दुपारी बाराच्या सुमाराला खिडकीशी आल्या. आत मी बसलेली दिसल्यावर म्हणाल्या, “मॅडम, कुठला कागद कमी हाय तेवढं सांगा. शेजारच्या पोरानं वाचून दाखवलं, पर त्यालाबी कळंना.” तो पोरगा बारावीला होता. मी एम.ए.ला होते. मीही ते पत्र दोनदा वाचलं आणि मलाही कळलं नाही.

मी त्या कार्यालयात कुणी मॅडम नव्हते. २०२४ च्या फेब्रुवारीत ओजेटीसाठी आलेली राज्यशास्त्राची विद्यार्थिनी होते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून पदव्युत्तरच्या पहिल्याच वर्षात ४ क्रेडिटचं कार्यप्रशिक्षण आलं. त्यालाच आम्ही सगळे ओजेटी, म्हणजे ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणतो. ४ क्रेडिट म्हणजे १२० तास. सातारा जिल्ह्यातल्या तालुक्याच्या ठिकाणच्या एका सरकारी कार्यालयात मी ते पूर्ण केले. कार्यालयाचं नाव इथे लिहीत नाही. तिथली माणसं माझ्याशी चांगली वागली, आणि जे मी पाहिलं ते त्या एकाच इमारतीत घडतं असं मला वाटत नाही.

मावशींचा अर्ज संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा होता. नवरा वारलेला, मुलगा नाही, महिन्याला दीड हजार रुपये मिळतील या आशेवर केलेला अर्ज. ते टेबल सांभाळणाऱ्या भाऊसाहेबांना विचारून मी मावशींची संचिका काढली. उत्पन्नाचा दाखला होता, २१ हजारांच्या आतला. रहिवासी दाखला होता, पतीच्या मृत्यूचा दाखला होता, वयाचा पुरावा होता. सगळे कागद जागेवर होते. मग रेशनकार्डाच्या झेरॉक्सवर, समासात, पेन्सिलनं बारीक अक्षरात लिहिलेले दोन शब्द दिसले: ‘नाव तफावत’. आधारकार्डावर मावशींच्या नावाला ‘बाई’ जोडलेलं होतं, रेशनकार्डावर ते नव्हतं. अडलं होतं ते एवढ्यावर.

म्हणजे कार्यालयाला माहीत होतं. समासात लिहिण्याइतकं नेमकं माहीत होतं. फक्त ते मावशींना सांगितलं गेलं नव्हतं. त्या पेन्सिलीच्या दोन शब्दांपासून त्या पत्रापर्यंत जाताना मधे कुठेतरी माहिती गळून गेली, आणि तिच्या जागी ‘आवश्यक कागदपत्रांची पूर्तता’ येऊन बसली. मावशींचा त्या दिवसाचा रोजगार बुडाला, एसटीचं तिकीट गेलं. त्याआधी किती वेळा गेलं असेल ते मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

या प्रसंगापासून सुरुवात केली, कारण विद्यार्थ्यांना सरकारी कार्यालयात कशासाठी पाठवायचं या प्रश्नाचं उत्तर मला तिथे सापडलं. त्याआधीचे जवळपास सत्तर तास मला ते सापडलं नव्हतं.

ते सत्तर तास कसे गेले ते आधी सांगते. आठवड्यातून तीन दिवस, रोज पाच तास. पहिल्या दिवशी कॉलेजचं पत्र दाखवलं. साहेबांनी त्यावर सही केली, एका कोपऱ्यात खुर्ची दिली आणि म्हणाले, “बसा, काम सांगतो.” मग मिळेल त्या टेबलावरून काम येत गेलं. झेरॉक्स काढणं, पानांवर क्रमांक टाकणं, टॅग ओवून संचिका बांधणं, आवक टपालाच्या नोंदी करणं, जुन्या यादीतली नावं एक्सेलमध्ये भरणं. ही कामं हलकी आहेत असं मी अजिबात म्हणत नाही. पानांना क्रमांक नसलेल्या संचिकेतून एखादा कागद गहाळ झाला तर कुणाला सांगताही येत नाही, हे मी तिथेच शिकले. पण ते शिकायला दोन दिवस पुरतात. त्यापुढचे चार आठवडे मी तेच करत होते आणि रोजनिशीत रोज नव्या शब्दांत तेच लिहीत होते. कुणी मला वाईट वागवलं नाही. शिपाई मामा रोज आठवणीनं चहा आणून द्यायचे. तरी संध्याकाळी एसटीत बसल्यावर वाटायचं, मी इथे नसते तर काय बिघडलं असतं?

मावशी आल्या त्या दिवशी मी भाऊसाहेबांना विचारलं की पत्रात नेमकं कारण का लिहीत नाही. ते चिडले नाहीत. म्हणाले, “आपला मसुदा ठरलेला आहे. मी या टेबलावर आलो तेव्हापासून हाच जातो. माझ्याकडं दुसरी दोन टेबलं आहेत, प्रत्येकाला वेगळं पत्र कधी लिहू? तुला जमत असलं तर तू लिही, मी बघतो.”

मी लिहिलं. पहिला मसुदा त्यांनी लाल पेनानं निम्मा खोडला. अर्जाची तारीख नव्हती, संदर्भ नव्हता, कुठल्या निर्णयानुसार स्वयंघोषणापत्र चालतं ते नव्हतं. त्यांनीच आठवण करून दिली की शासनानं २०१५ सालीच बऱ्याच कामांसाठी प्रतिज्ञापत्राची अट काढून स्वयंघोषणापत्र पुरेसं ठरवलं आहे. तरीही लोक स्टॅम्प वेंडरच्या दारात उभे राहतात, कारण त्यांना कुणी सांगत नाही. मग त्यांनी मला एक वाक्य सांगितलं, ते मी रोजनिशीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलं आहे: “तोंडी सांगितलेलं कागदावर येत नाही, तोवर सांगितलंच नाही असं धरायचं.” तिसऱ्या खेपेला पत्र तयार झालं. त्याचा मधला भाग असा होता:

“तुमच्या अर्जातले सर्व कागद मिळाले आहेत. एकच अडचण आहे. आधारकार्डावर तुमच्या नावाला ‘बाई’ जोडलेले आहे, रेशनकार्डावर ते नाही. ही दोन्ही नावे तुमचीच आहेत असे साध्या कागदावर लिहून, खाली सही किंवा अंगठा करून द्या. नमुना सोबत जोडला आहे. स्टॅम्पपेपरची किंवा नोटरीची गरज नाही.”

साहेबांनी वाचलं, एक शब्द बदलला आणि सही केली. पत्राला जावक क्रमांक पडला.

त्या एका पत्रासाठी मला काय काय समजून घ्यावं लागलं, ते मोजून पाहा. योजनेचे निकष. अर्ज कुठून येतो, कुणाच्या टेबलावर थांबतो, छाननी कोण करतं, मंजुरी कुणाच्या हातात असते. टिपणी कशी लिहितात आणि ‘सादर’ लिहून वर पाठवलेला कागद खाली येताना त्यावर काय काय येतं. कार्यालयातले कागद सहा प्रकारांत विभागून ठेवायची सहा गठ्ठे पद्धत म्हणजे काय, आणि प्रलंबित प्रकरण प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात गेलं की ते नजरेआड कसं होतं. अभिलेखांचे अ, ब, क, ड वर्ग, आणि त्यातलं कायमचं काय ठेवायचं, वर्षभरात नष्ट काय करायचं. लोकप्रशासनाच्या पेपरात मी नोकरशाहीवर पंधरा गुणांचं उत्तर लिहिलं होतं. त्यात यातला एकही शब्द नव्हता.

माझं म्हणणं सरळ आहे. सरकारी कार्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला सुटी कामं न देता एका कामाचा पूर्ण प्रवास द्यावा. एक अर्ज खिडकीतून आत येतो तिथपासून त्याचं उत्तर नागरिकाच्या हातात पडतं तिथपर्यंत त्यानं त्या अर्जाबरोबर चालावं, आणि या चालण्यात त्याच्या शेजारी एक जबाबदार माणूस असावा. हे झालं तर १२० तास पुरेसे आहेत. हे नसेल तर सहा महिनेही कमी पडतील.

सहा महिन्यांचा उल्लेख मुद्दाम केला. माझी ओजेटी संपली आणि त्याच वर्षी जुलैत मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८ हजार, पदवीधराला १० हजार रुपये विद्यावेतन. मुदत सहा महिन्यांची, ती पुढे अकरा महिन्यांपर्यंत वाढली. शाळा, ग्रामपंचायती, तहसील, आरोग्य केंद्रं, सगळीकडे प्रशिक्षणार्थी रुजू झाले. माझ्या वर्गातल्या दोघी त्यात होत्या. मुदत संपत आली तशी राज्यभर प्रशिक्षणार्थ्यांनी आंदोलनं केली. आम्हाला कायम करा, निदान मुदत वाढवा, अशी त्यांची मागणी होती. त्यांच्यावर अनेकांनी टीका केली की प्रशिक्षण म्हणजे नोकरी नव्हे, हे आधीच सांगितलं होतं.

मला ती टीका पटत नाही. प्रशिक्षण असेल तर ते संपल्यावर शिकलेला माणूस बाहेर पडतो आणि कार्यालय पहिल्यासारखंच चालू राहतं. इथे मुलं निघून गेल्यावर कामं अडणार असतील, तर त्याचा अर्थ ती मुलं प्रशिक्षण घेत नव्हती, रिकाम्या जागेवर काम करत होती. मग त्यांनी जागा मागितली तर चुकलं कुठे? एखाद्यानं अकरा महिने एक टेबल सांभाळलं असेल, तर त्या टेबलाला माणूस लागतो हे सरकारनंच अकरा महिने सिद्ध केलेलं असतं. जागा भरायची असेल तर जाहिरात काढून, परीक्षा घेऊन, पूर्ण पगारावर भरावी. शिकवायचं असेल तर शिकवावं. दोन्हीची सरमिसळ केली की शिकणाऱ्याचं नुकसान होतं आणि नोकरीची वाट पाहणाऱ्याचंही.

माझ्या ओजेटीत १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली. साताऱ्याचं मतदान ७ मे रोजी होतं. कार्यालय बघता बघता रिकामं झालं. कुणी निवडणुकीच्या प्रशिक्षणाला, कुणी मतदार यादीच्या कामाला, कुणी भरारी पथकात. नव्या लाभार्थ्यांच्या मंजुऱ्या थांबल्या, पण लोक येतच होते. एका दुपारी मला एका चिठ्ठीवर लॉगिन आणि पासवर्ड लिहून दिला गेला, “एवढी माहिती भरून टाक” म्हणून. मी भरली. त्या वेळी मला विश्वास टाकल्याचा आनंद झाला होता. आज त्या चिठ्ठीची मला भीती वाटते. मी एखाद्या आकड्यात चूक केली असती, एखाद्याचा खाते क्रमांक एका अंकानं बदलला असता, तर संगणकावर नाव कुणाचं दिसलं असतं? माझं नाही. ज्यांनी विश्वासानं चिठ्ठी दिली त्यांचं. आणि ज्यांचे पैसे अडकले असते त्यांनी कुणाकडे जायचं होतं? विद्यार्थ्याला दुसऱ्याच्या लॉगिनवर बसवणं यात कुणाचाही दुष्ट हेतू नसतो, माणसं कमी आहेत म्हणून ते घडतं. पण ते बंद झालं पाहिजे. विद्यार्थ्याचं काम विद्यार्थ्याच्या नावानं दिसलं पाहिजे आणि त्यावर तपासणाऱ्याची वेगळी सही असली पाहिजे.

साताऱ्यात बसून ‘काम करत शिका’ असं म्हणताना कर्मवीर भाऊराव पाटील यांना, म्हणजे अण्णांना, टाळून पुढे जाता येत नाही. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले इथे रयत शिक्षण संस्था सुरू झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला आली. इथल्या वसतिगृहाला १९२७ मध्ये गांधीजींच्या हस्ते शाहू महाराजांचं नाव मिळालं. सगळ्या जातींची मुलं तिथे एकत्र राहत, एकत्र जेवत, शेतात राबत आणि शिकत. ‘कमवा आणि शिका’ हे शब्द आता आपण इतक्या सहज वापरतो की त्यातली मूळ गोष्ट निसटून जाते. त्या मुलाच्या कष्टाचं फळ त्याच्याच शिक्षणाला लागत होतं. तो राबायचा ते त्याच्याच ताटात यायचं, त्याच्याच वहीत यायचं. राबणं हा शिक्षणाचा खर्च भागवायचा मार्ग होता आणि श्रमाला कमी न लेखण्याचा संस्कारही होता. आजच्या ओजेटीत मी जे राबले त्याचं फळ कार्यालयाला मिळालं, आणि मला प्रमाणपत्र. कष्ट आणि शिकणं यांचा जो सांधा अण्णांनी जुळवला होता, तो आपण उसवला आहे, आणि नाव मात्र त्याच परंपरेचं घेतो.

दुसरं उदाहरण शेजारच्या सांगली जिल्ह्यातलं. तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे वि. स. पागे हे रोजगार हमी योजनेचे जनक, आणि तिचा पहिला प्रयोग तासगावातच झाला. १९७७ मध्ये राज्यानं त्याचा कायदा केला, आणि पुढे २००५ साली देशानं तसा कायदा केला. त्या योजनेबद्दल बोलताना आपण मजुरीबद्दलच बोलतो. पण तिच्यात आणखी एक अट सुरुवातीपासून होती: काम उत्पादक असलं पाहिजे. नुसती माती इकडून तिकडे टाकायची नाही. काम संपल्यावर मागे बंधारा राहिला पाहिजे, रस्ता राहिला पाहिजे, विहीर राहिली पाहिजे. मला वाटतं, ओजेटीला हीच अट लावावी. विद्यार्थी १२० तासांनी निघून गेल्यावर त्या कार्यालयात काय राहिलं? दुष्काळात खडी फोडणाऱ्या माणसाकडून आपण टिकाऊ कामाची अपेक्षा ठेवली. मग पदव्युत्तर वर्गातल्या मुलांकडून का ठेवू नये?

पैशाचं थोडक्यात सांगते, कारण त्याची गाऱ्हाणी सगळ्यांना माहीत आहेत. आमचं गाव खटाव तालुक्यात. मी साताऱ्यात सदर बझारला तिघींबरोबर खोली करून राहत होते, मेसचे पैसे वेगळे. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे म्हणून रोजचं येणं-जाणं मला परवडलं. माझ्याच वर्गातला माण तालुक्यातला एक मुलगा शनिवार-रविवार हॉटेलात काम करून ओजेटी करत होता. ओजेटीला एक रुपयाही मिळत नाही आणि युवा प्रशिक्षणाला दहा हजार मिळतात. दोघंही त्याच कार्यालयात, कधी एकाच टेबलावर बसतात. निदान प्रवासाचा आणि दुपारच्या जेवणाचा खर्च मिळावा, एवढी मागणी मला वाजवी वाटते.

आता आक्षेपांकडे येते. मी हे ज्यांच्याशी बोलले त्यातल्या बहुतेकांनी पहिला आक्षेप गोपनीयतेचा घेतला. सरकारी संचिका उद्या कुणाही विद्यार्थ्याच्या हातात द्यायच्या का? लोकांचे उत्पन्नाचे दाखले, आजारपणाचे कागद, आधार क्रमांक त्यात असतात. हा आक्षेप मी गंभीरपणे घेते. मावशींची संचिका मी पाहिली तेव्हा त्यांच्या घरातली परिस्थिती मला त्यांच्या तोंडून कळायच्या आधी कागदावरून कळली, आणि ते मला बरं वाटलं नव्हतं. म्हणून विद्यार्थ्याकडून लेखी हमी घ्यावी, त्याला मर्यादित संचिका द्याव्यात, मोबाइल बाहेर ठेवायला लावावा, अहवालात कुणाचं नाव येऊ नये. पण कार्यालयाची पद्धत ही गोपनीय गोष्ट नाही. माहिती अधिकार कायदा २००५ सालचा. त्याच्या कलम ४ मध्ये प्रत्येक कार्यालयानं स्वतःहून प्रसिद्ध करायचे १७ मुद्दे आहेत: कोणाचे अधिकार काय, निर्णय कोणत्या टप्प्यांनी होतो, कामाचे निकष काय, कोणकोणती कागदपत्रं ठेवली जातात. हे सगळं कायदा झाल्यापासून १२० दिवसांत जाहीर करायचं होतं आणि दर वर्षी अद्ययावत करायचं होतं. कितीतरी ठिकाणी आजही भिंतीवर किंवा संकेतस्थळावर बदलून गेलेल्या अधिकाऱ्याचं नाव दिसतं.

मग हे १७ मुद्दे विद्यार्थ्यांना का देऊ नयेत? राज्यशास्त्राच्या, लोकप्रशासनाच्या, कायद्याच्या मुलांनी एका कार्यालयात बसून ते नव्यानं लिहावेत, साध्या मराठीत, मावशींच्या शेजारच्या बारावीतल्या पोराला वाचून दाखवता येईल अशा भाषेत. अधिकाऱ्यानं तपासून सही करावी. यात कुणाचा खासगी कागद उघडा पडत नाही, कुणाचा पासवर्ड लागत नाही, कुणाची रिकामी जागा झाकली जात नाही. आणि मुलगा निघून गेल्यावर मागे टिकाऊ काम उरतं.

दुसरा आक्षेप कर्मचाऱ्यांच्या बाजूनं येतो, आणि माझ्या मते तो जास्त खरा आहे. एकेका माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन टेबलांचा कार्यभार असताना त्यानं विद्यार्थ्याला शिकवत कधी बसायचं? भाऊसाहेबांनी माझा मसुदा तीनदा तपासला तेव्हा त्यांची पावणेसहाची एसटी चुकली होती. मला ते दुसऱ्या दिवशी मामांकडून कळलं. या कामाची नोंद कुठेही झाली नाही. त्यांच्या गोपनीय अहवालात ते येणार नाही, त्यासाठी त्यांना वेळ मिळणार नाही. कॉलेजच्या प्रमाणपत्रावर ‘मार्गदर्शक’ म्हणून साहेबांचं नाव आलं, भाऊसाहेबांचं नाही. जो शिकवतो त्याला शिकवण्यासाठी आठवड्याचे दोन तास कामाचे म्हणून धरले गेले पाहिजेत, आणि प्रमाणपत्रावर त्याचं नाव आलं पाहिजे. एका कर्मचाऱ्याकडे एका वेळी एकच विद्यार्थी. दहा मुलं एका कार्यालयात पाठवून दिली की कॉलेजची यादी पूर्ण होते, बाकी काही होत नाही.

आणि हा वेळ वाया जातो असंही मला वाटत नाही. आमच्याच खटाव तालुक्यातल्या निढळचे चंद्रकांत दळवी २०१७ मध्ये पुण्याचे विभागीय आयुक्त असताना पुणे विभागात ‘झिरो पेंडन्सी’चं काम झालं. साठलेल्या कागदांची वर्गवारी करायची, नको ते निकाली काढायचे, आजचं काम आज संपवायचं. सातारा, सांगली दोन्ही जिल्हे त्या विभागात येतात. भाऊसाहेब त्या दिवसांबद्दल अजून आपुलकीनं बोलतात: कपाटावरचे गठ्ठे उतरले, धूळ गेली, खोलीत उजेड आला. ते पुन्हा का साठतात? माझ्या छोट्या अनुभवातून मला दिसलं ते एक कारण असं की अपुरं पत्र पुन्हा अर्ज घेऊन येतं. मावशींना पहिल्याच पत्रात कारण सांगितलं असतं, तर त्यांची दुसरी फेरी, ती दुसरी चौकशी, ती पुन्हा काढलेली संचिका, हे सगळं वाचलं असतं. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यानं अधिसूचित सेवांसाठी हेच बंधन घातलं आहे. मुदतीत सेवा द्या, नाहीतर कारण लेखी नोंदवून नकार द्या, अन्यथा अपील आणि दंड. कारण लिहिणं ही मेहेरबानी राहिलेली नाही. पण कारण लिहायला वेळ लागतो आणि भाषा लागते, आणि या दोन्ही गोष्टी विद्यार्थी घेऊन येऊ शकतो, त्याच्याकडे तसं बघितलं तर.

ओजेटीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत मी आणि भाऊसाहेब परत केलेल्या अर्जांच्या स्थळप्रती, म्हणजे कार्यालयात ठेवलेल्या प्रती, काढून बसलो. कारणं फार निघाली नाहीत, तीच तीच पुन्हा येत होती: नावातला फरक, मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुकाची न वाचता येणारी झेरॉक्स. प्रत्येकासाठी एक साधं पत्र तयार झालं. भाऊसाहेबांनी ती संगणकावर एका फोल्डरमध्ये ठेवली. मला त्या १२० तासांतलं आपलं म्हणता येईल असं काम ते एवढंच आहे.

राहता राहिली आमची कॉलेजं. त्यांच्याबद्दल लिहिताना मला जड जातं, कारण ज्या सरांनी मला शिकवलं तेच ओजेटीचे समन्वयक होते आणि चाळीस मुलांसाठी जागा शोधताना त्यांचे किती फोन खर्ची पडले ते मी पाहिलं आहे. पण अहवालाला गुण देताना आम्हाला विचारलं गेलं ते हजेरीपत्रक, कार्यालयाचा शिक्का आणि किमान पानं. कुठल्या नागरिकाचं कुठलं काम तुझ्यामुळे पुढे सरकलं, हा प्रश्न तोंडी परीक्षेत कुणी विचारला नाही. माझ्या पत्रांचे नमुने मी परिशिष्टात जोडले होते. परीक्षकांनी ते उलटलेसुद्धा नाहीत. जे विचारलं जात नाही ते पुढच्या वर्षीची मुलं करणार नाहीत. ती गेल्या वर्षीचा अहवाल मागून घेतील आणि नाव बदलतील. असे अहवाल मी पाहिले आहेत.

कॉलेजनं कार्यालयाला दिलेलं माझं पत्र मी अजून जपून ठेवलं आहे. “आमच्या महाविद्यालयातील विद्यार्थिनीस १२० तासांच्या कार्यप्रशिक्षणाची संधी देऊन सहकार्य करावे, ही विनंती.” मावशींच्या हातातल्या पत्राशेजारी ते ठेवलं की दोन्हीत एकच उणीव दिसते. नेमकं काय हवं ते दोन्हीत लिहिलेलं नाही. साहेबांनी “बसा, काम सांगतो” म्हटलं त्यात त्यांची तरी काय चूक?

दुसऱ्या सत्राची मुलं यंदाही कार्यालयांकडे जातील. समन्वयक सरांनी पत्राचा मसुदा एकदा बदलावा, एवढीच विनंती आहे. मी लिहिलं असतं तर असं लिहिलं असतं:

“आमच्या विद्यार्थिनीला आपल्या कार्यालयातील एका योजनेच्या अर्जाचा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू द्यावा. तिला शिकवणाऱ्या कर्मचाऱ्याचे नाव आम्हाला कळवावे, म्हणजे प्रमाणपत्रावर ते घालता येईल. तिला कुणाचेही लॉगिन देऊ नये. आणि परत जाणाऱ्या अर्जांपैकी पाच अर्जांची पत्रे तिच्याकडून लिहून घ्यावीत, ज्यात कुठला कागद कमी आहे ते अर्जदाराला कळेल.”